काकूचं चिनी भांडं

कोलशेतला मैत्रिणीच्या नव्या घरी काचेच्या कपाटात एक जुनं चिनी भांडं पाहिलं. तांब्याच्या पत्र्यावर काचेसारखा पांढरा मीना, त्यावर हाताने रंगवलेली गुलाबी फुलं आणि एक पिवळं फुलपाखरू. बघता बघता मी मनाने मोहने गावातल्या, लहानपणीच्या आमच्या चाळीत जाऊन पोचले.

माझ्या काकूचे वडील बोटीवर नोकरीला होते. असंच एक भांडं त्यांनी हाँगकाँगहून आणून तिला लग्नात दिलेलं. ते वारले, आणि पुढच्याच महिन्यात दारात कल्हईवाला आला. आजीने, म्हणजे काकूच्या सासूने, तिला ते भांडं बाहेर आणायला लावलं.

"मावशी, यावर काच चढवलीय. तापली की तडकून जाईल," कल्हईवाला म्हणाला.

"जाऊ दे. खाली तांबं आहे ना?"

"आई, नको ना," काकू म्हणाली. "बाबांची एवढीच वस्तू राहिलीय."

"मग तूच दे त्याच्या हातात."

काकूने दिलं. निखाऱ्यांवर फुलं तडतडत उडाली, नवसागराचा धूर डोळ्यांत गेला आणि भांडं आतून-बाहेरून लख्ख पांढरं झालं.

तेव्हा वाटलेलं, आजीला त्या भांड्याचं मोल कळलं नाही. आता वाटतं, तिला ते नेमकं कळलेलं. तेवढा सगळा वेळ ती भांड्याकडे बघतच नव्हती. ती काकूच्या चेहऱ्याकडे बघत होती.