सकाळी विकलेली फिकी शाई

दुपारी सुमिए वह्या-पेनांच्या दुकानात शिरली तेव्हा रित्सु ओबाता वह्यांचा गठ्ठा सोडत होती. सुमिएच्या अंगावर अजून स्वयंपाकाचा एप्रन होता आणि हातात बशी. बशीत मिठातला मुळा.

"सासरे गेले," ती म्हणाली. "लापशी खाल्ली. आणखी मुळा मागितला. मी घेऊन आले तर..."

रित्सुनं तिच्या हातातली बशी घेऊन बाजूला ठेवली आणि तिला स्टुलावर बसवलं. दोघी एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. सुमिएचे सासरे तोकुजीसान नव्वदी ओलांडलेले. इसोने नावाच्या या बंदरातल्या निम्म्या बोटी त्यांच्या रंध्याखालून गेलेल्या. त्यांचं जाणं रडण्यासारखं होतं, धसका घेण्यासारखं नव्हतं. गावाचा धसका दुसराच होता. वादळ होऊन गेलं, आभाळ निवळलं, तरी मासेमारीला गेलेली 'मिसागो मारू' परतली नव्हती. वायरलेस गप्प. बोटीवर सहा जण. त्यातला एक रित्सुचा एकुलता एक मुलगा, शुम्पेइ.

"आता सगळे तुझ्याकडेच येतील," सुमिए डोळे पुसत म्हणाली. "फिकी पेनं आहेत ना पुरेशी?"

रित्सुचा हात सवयीनं मागे गेला. गल्ल्यामागे दोन खिळे होते. एकावर काळ्या शाईची ब्रशपेनं टांगलेली, दुसऱ्यावर फिक्या शाईची. फिक्याचा खिळा जवळजवळ रिकामा होता.

ती त्या खिळ्याकडे बघत राहिली.

सकाळी हातानो आला होता. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. "फिकी द्या पाच-सहा," म्हणाला. वर पाहिलं नाही. तिनंही नाही. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. मन समुद्रावर आणि हात दुकानात. प्रत्येक पेनाचं पोट दाबून, सिगारेटच्या पुठ्ठ्यावर एक रेघ ओढून, तिनं पेनं त्याच्या हातात दिली होती.

"सुमिए, सासऱ्यांचं सकाळी काही कमीजास्त होतं का गं?"

"छे! दारात बसून पोस्टमनला शिव्या घालत होते. का?"

पुठ्ठा अजून गल्ल्यावरच पडला होता. त्यावर फिक्या रेघा. सकाळच्या.

सकाळी गावात कुणी मेलेलं नव्हतं.

मरणाच्या घरी पैसे घालून द्यायच्या पाकिटावर देणाऱ्यानं आपलं नाव फिक्या शाईत लिहायचं. डोळ्यांतलं पाणी शाईत मिसळलं, नीट घोटायला वेळच मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. गडद काळ्यात लिहिलं तर लोक म्हणतात, हे आधीपासून शाई घोटून तयारीत बसले होते. आणि फिकं पेन घरात आधी आणून ठेवणं त्याहून वाईट. इसोनेत ते कुणी ठेवत नाही. बातमी आली की मग धावत रित्सुकडे यायचं.

रित्सु लग्न होऊन आली तेव्हा या दुकानात सासरे दगडावर शाई घोटून लोकांची पाकिटं लिहून देत. मग ही पेनं आली. मागे शाईची नळी, पुढे केसांचं टोक, पोट दाबलं की शाई आपोआप खाली उतरते. सासरे म्हणाले, हे आळशांचं हत्यार. रित्सुनं ते उचललं आणि खाली ठेवलंच नाही. दोरानं फाटलेल्या हातांना नाजूक रेघ ओढता येत नाही. बंदरातले गडी पाकीट पुढे सरकवत आणि कान खाजवत. "तेवढं नाव घालून द्या." ती लिहून द्यायची, वर ऐकवायचीही. "जाळं विणता, नाव लिहिता येत नाही?" लग्न-बारशाचं काळ्यात, मरणाचं फिक्यात. तिचा हात गावानं पिढीभर ओळखला.

आणि तिची जीभही. नवरा फुप्फुसाच्या आजारानं गेला तेव्हा तिच्या चुलत जावेचं पाकीट चकचकीत काळ्या शाईतलं आलं. जाऊ पुढे म्हणाली, घाईत दुसरं पेन हाती लागलं. लागलं असेल. रित्सुनं तिचं नाव टाकलं ते टाकलंच. दर आठवड्याला एकाच बसनं दोघी तालुक्याला जातात. रित्सु खिडकीबाहेर बघते.

तिनं खिळ्यावरची उरलेली फिकी पेनं काढली, एप्रनच्या खिशात कोंबली आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"कुठं निघालीस?"

"सोसायटीत. तूही चल."

सोसायटीच्या हॉलमध्ये बोटीवरच्यांच्या बायका भाताचे गोळे वळत बसल्या होत्या. खाणारं कुणी नव्हतं, तरी वळत होत्या. हात चालू असले की कान फोनकडे लागल्याचं दिसत नाही. हातानो कोपऱ्यातल्या टेबलामागे उभा होता.

"हातानोसान, सकाळी काय घेतलंत माझ्याकडून?"

बायकांचे हात थांबले.

हातानोनं तिच्याकडे पाहिलं. मग सुमिएकडे. "तोकुजीसानची बातमी आत्ताच कळली," तो सुमिएपुढे वाकून म्हणाला. "फार वाईट झालं."

"मी पेनांचं विचारतेय."

"त्यांच्यासाठीच घेतली. म्हटलं, वय झालंय. आज ना उद्या..."

"म्हणजे?" सुमिएचा आवाज चिरकला. "माझ्या सासऱ्यांची वाट बघत होतात तुम्ही?"

हातानोचे कान लाल झाले. तरी तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं."

एवढी मोठी शरम कुणी उगाच अंगावर घेत नाही.

"खोटं बोलताय," रित्सु हळू म्हणाली. "म्हातारा सकाळी पोस्टमनला शिव्या देत होता, साऱ्या गल्लीनं ऐकलंय. काय कळलंय तुम्हाला? सांगा. या सगळ्यांसमोर सांगा."

हातानोनं बायकांकडे पाहिलं.

"शोधायला गेलेल्या विमानाला मासळीचे खोके दिसले," हातानो म्हणाला. "पहाटे. पाण्यावर तेलाचा तवंग आणि खोके. आपल्या बोटीचे. पण बोट नाही दिसली. म्हणजे काहीच नक्की नाही. नक्की कळल्याशिवाय कसं सांगू? जिवाला घोर लावून काय मिळणार होतं?"

एका बाईच्या हातातला गोळा फुटला.

"सांगायला धीर झाला नाही," रित्सु म्हणाली, "आणि फिकं पेन घ्यायला बरा झाला! माझ्या पोराला पुरून मोकळे झालात?"

"रित्सुसान, माझा भाऊ पण आहे त्या बोटीवर."

"मग भावासाठी घेतलं असेल. भावासाठीच ठेवा. माझ्या पोरासाठी नको."

बोलून झालं. बोटीच्या इंजिनावरचा मासातो हा हातानोचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर त्यानंच त्याला वाढवलेला. हातानोनं टेबलाचा खण नुसता आत ढकलला. तो आधीच बंद होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोकुजीसानची निरोपाची बैठक होती. सकाळपासून लोक पाकिटं घेऊन दुकानात येत होते आणि रित्सु एकच उत्तर देत होती.

"फिकं संपलं."

"अहो, तुमच्या एप्रनच्या खिशातून टोपणं दिसतायत!"

"ती विकायची नाहीत."

"मग तोकुजीसानना काय काळ्यात लिहू? माझी बायको घरात घेणार नाही."

"तिला सांगा, रित्सु वेडी झालीय."

"ते तिला ठाऊक आहे," माणूस म्हणाला. हसू कुणालाच आलं नाही.

बोट परत येईपर्यंत आपल्या हातून फिकी शाई उतरू द्यायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर हसलं मात्र कुणी नसतं. बोटीवरच्यांच्या बायका दुकानावरून जाताना आत डोकावत, रिकामा खिळा बघत आणि मान हलवून पुढे जात.

दुपारी सुमिए आली. तिचे डोळे सुजले होते.

"रित्सु, तुझं मला कळतं. पण तो म्हातारा तुझ्या शुम्पेइला लाकडाच्या बोटी करून द्यायचा. त्याला लोकांनी काळ्या पाकिटांनी पोचवायचं?"

रित्सु उठली, एका पेल्यात पाणी घेऊन आली. खिळ्यावरचं काळं पेन काढलं. पोट न दाबता त्याचं टोक पाण्यात बुडवलं, कागदावर टिपलं, पुन्हा बुडवलं. पाण्यात काळा धूर उतरला.

"दे पाकीट."

पहिलं अक्षर फिकं उतरलं. पाण्यासारखं फिकं. पण ते पेन होतं, साधा कुंचला नव्हे. नळीतली शाई मागून येतच होती. दुसऱ्या अक्षरापर्यंत रेघ गडद व्हायला लागली, तिसऱ्यावर पार काळी. रित्सुनं पाकीट फाडलं. नवं घेतलं. आता प्रत्येक अक्षरानंतर टोक बुडवायचं, टिपायचं, मग पुढचं अक्षर.

बातमी गल्लीभर पसरली. दुकानाच्या पायरीपर्यंत रांग लागली. रित्सु लिहीत राहिली. जरा हात रेंगाळला, दाराबाहेर गाडीचा आवाज झाला, कुणाचा फोन वाजला की काळं खाली उतरायचं. ती पाकीट फाडायची. पेला गढूळ झाला की पायरीवर ओतायची. तिची बोटं ताठली. तिनं कुणाला टोमणाही मारला नाही. आधी काय नि नंतर काय, हे काळं मागून येणारच, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिनं पेन आणखी जोरात टिपलं.

बैठकीत भिक्षूंचं पठण चालू होतं. धुपाच्या वासानं खोली भरली होती. हातानो दाराजवळ बसला होता, रित्सु सुमिएच्या मागे. कालपासून दोघं बोलले नव्हते. तसं त्याच्याशी कुणीच फारसं बोललं नव्हतं.

त्याच्या खिशातला फोन थरथरला.

तो वाकून, पाय न वाजवता बाहेर गेला. पठण थांबलं नाही. पण बोटीवरच्यांच्या बायकांच्या माना एकेक करून दाराकडे वळल्या. काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो ऐकत होता. मान हलवत होता. मग त्यानं एक हात भिंतीला लावला.

तो आत आला आणि पठण संपायची वाट न बघता उभ्यानंच बोलला.

"बोट सापडली. जाळं बोटीखालच्या पंख्यात अडकून इंजिन गेलं होतं. ओढून आणतायत."

कुणी हुंदका दिला. त्यानं हात वर केला. मग तो नावं घेऊ लागला. एक नाव. दुसरं. ज्या बाईचा नवरा, तिच्याकडे बघून तो ते नाव घेत होता. चौथं नाव घेताना त्यानं रित्सुकडे पाहिलं.

"शुम्पेइ."

पाचवं नाव घेतलं. मग तो थांबला. सगळे थांबले. सहावं नाव त्यानं घेतलं नाही. पंख्यातलं जाळं कापायला कोण पाण्यात उतरलं असेल, हे बंदरावरच्या माणसांना सांगावं लागत नाही. ते काम इंजिनवाल्याचं.

रित्सुला रडू फुटलं. ते शुम्पेइच्या नावानं फुटलं होतं, पण हातानोकडे बघून तिनं ते आवरलं. तिनं एप्रन घातला नव्हता, तरी हात खिसा शोधत राहिला.

त्या रात्री शुम्पेइ घरी आला, गरम पाण्यात बसला, जेवला. फक्त एकदा तो म्हणाला, "मासातोदादा म्हणाला, तू बारीक आहेस, तुझ्याच्यानं नाही व्हायचं, मी जातो." मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी रित्सुनं शटर पूर्ण वर घेतलं. एप्रनच्या खिशातली फिकी पेनं काढली, पुसली आणि खिळ्यावर टांगली. लोक येणार होते.

पहिला आला तो हातानो. त्यानं गल्ल्यावर एक पाकीट ठेवलं. त्याच्या शेजारी परवाची पेनं ठेवली. सगळी. एकाचं टोपण उघडं होतं.

"लिहायला बसलो होतो," तो म्हणाला. "घर वेगळं आहे माझं, भावाला माझं पाकीट द्यायला हवं. पण हात चालत नाही."

पाकिटावर एकच आडवी रेघ होती. पुढे काही नाही.

पिढीभर गावाला सुनावणाऱ्या रित्सुनं नुसता पुठ्ठा पुढे ओढला. परवाच्या रेघा अजून तशाच होत्या.

"विकत मी घेतलं होतं," हातानो म्हणाला. "तेव्हा तो जिवंत होता. बोटीवरच्यांनी सांगितलंय मला. त्या सकाळी तो जिवंत होता."

बाहेर एक टेम्पो मागे घेत होता. त्याची शिटी थांबेपर्यंत ती थांबली.

"विकलं मी," ती म्हणाली. "दाबून, रेघ मारून, चालतंय ना बघून दिलं. हॉलमध्ये बोलले, तेही मीच."

त्यानं ते नाकारलं नाही.

तिनं नवं पाकीट घेतलं. हातानोनं आणलेल्या पेनांतलं, उघड्या टोपणाचं ते पेन उचललं. पोट दाबलं. पुठ्ठ्यावर, परवाच्या रेघांच्या खाली, एक रेघ ओढली. मग हातानोचं नाव लिहायला घेतलं.

पाण्याचा पेला लागला नाही. शाई मागून येत राहिली आणि येईल तेवढी फिकीच आली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कुठे काळी झाली नाही. तिचा हात एकदाच थांबला, तेव्हा तिथं एक फिका ठिपका उमटला. तिनं पाकीट फाडलं नाही. त्यानंही फाडा म्हटलं नाही.

शाई वाळेपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला. तेवढ्यात रित्सुनं खणातून आणखी एक पाकीट काढलं आणि त्याच पेनानं आपलं नाव लिहिलं.