पाठीवर चालणारी भावकी

आमच्या आगाशीचा गेंडा भुंगा एवढा दांडगा, की एकदा तो एसटीच्या काचेवर आदळला तेव्हा ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन आधी त्याला जाऊ दिलं. तुळिंजला आमच्या सोसायटीत हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. भुंग्यांच्या बाबतीत थोडं वाढवून सांगायचा मला हक्क आहे.

त्या वर्षी हाच हक्क माझ्या अंगाशी आला.

आत्याच्या वाडीतल्या माडांना गेंड्याने धरलं होतं. कोवळ्या कोंबात शिरून तो कुरतडतो आणि झावळी उलगडली की शिंप्याने कात्री चालवल्यासारखी दिसते. आत्येभावाने शेणखताचा खड्डा उकरला, तर आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्यांचा बाजार भरलेला. गेंडा शेणखतात अंडी घालतो हे आमच्याकडे कोंबड्यांनाही ठाऊक. त्याने तिथेच निकाल दिला: खड्ड्यात विष ओतायचं.

खड्डा आत्याचा. लग्न होऊन आली तेव्हापासून शेण, राख, केळीची सोपटं घालून तिने तो पोसलेला. पानवेली, केळी, अळू, सगळ्यांचं जेवण तिथून. तिने मला फोन केला. "किड्यांचा मास्तर ना तू? मग ये. माझा खड्डा मारतायत."

मी मिळेल ती बस पकडून गेलो. अळ्या हातावर घेतल्या आणि छाती फुगली. बहुतेक सगळ्या फुलभुंग्याच्या होत्या. हा प्राणी मोठेपणी फुलांत लोळतो आणि लहानपणी कुजलेलं खाऊन खत बारीक करतो. माडाच्या वाटेला कधी जात नाही. मी तसं सांगितलं.

आत्येभाऊ म्हणाला, "तेव्हा एसटीवाला भुंगा, आता हा साधू भुंगा. दादा, थापा कॉलेजात मार."

आत्याने त्याला गप्प केलं आणि तिच्या पद्धतीने चौकशी सुरू केली. आळीत कुणी गेलं की कुणाला दहा दिवस सुतक, कुणाला तीन आणि कुणाला नुसती आंघोळ, हे लोक तिलाच विचारायला येतात. तिला आधी नातं कळावं लागतं. हा फुलवाला त्या गेंड्याचा कोण लागतो?

मग मी ओटीवर बसून भुंग्यांची वंशावळ मांडली. मूळ पुरुष एकच, सह्याद्रीचं बारसं जेवलेला, इतका जुना. पुढे घरं वेगळी झाली. एक शेणाच्या गोळ्या ढकलत राहिलं, एक मुळं खाणारी हुमणी झालं, एक माडावर चढलं, एक फुलांत शिरलं. भावकीची खूण मिशांच्या टोकाला. तिथे बारीक पानं असतात, पंख्यासारखी उघडतात. शिंगावर जाऊ नये. शिंग बायकांवरून आपसात भांडायला पुरुषांनी ज्याच्या त्याच्या घरी वाढवलेलं, आणि शेणवाल्यांतही शिंगवाले निघतात.

"आणि तो सोंड्या भुंगा? तोही माडच पोखरतो," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, तो शेजारी. एका माडावर राहतो म्हणून भावकी होत नाही. नुसती आंघोळ.

"शेणवाला?"

"तीन दिवस."

"फुलवाला?"

इथे मी अडकलो. खोटं बोलायची सोय नव्हती. "तो गेंड्याचा सख्खा चुलत. दहा दिवस."

आत्येभावाने मांडीवर थाप मारली. ऐकलंस ना आई, म्हणाला, एकाच रक्ताचे निघाले. आणि विषाची बाटली आणायला उठला.

तेव्हा मी शेवटचं पान टाकलं. घर एक असलं तरी चाल वेगळी, म्हटलं. फुलभुंग्याची अळी पाठीवर चालते, पाय आभाळाकडे करून.

आत्या हळूच म्हणाली, "अरे, आज तरी थापा नको."

जन्मभर खपवलेल्या थापांना लोकांनी माना डोलावल्या होत्या आणि हे एक खरं कुणी घेत नव्हतं. मी घमेलं मागवलं आणि अळ्या सारवलेल्या ओटीवर ओतल्या.

त्या पडून राहिल्या. आत्येभाऊ बाटलीचं बूच पिळत होता.

मग एक अळी कलंडली, पाठीवर झाली आणि सहाही पाय वर धरून पाठीच्या वळ्या हलवत सरळ निघाली. पालखी निघावी तशी, डौलात. तिच्यामागे दुसरी. बघता बघता सारी ओटी उताणी चालायला लागली. थोड्या तेवढ्या कुशीवर वेटोळं करून पडल्या. मी बोट दाखवलं: हे खरे गेंडे.

आत्याने ते स्वतःच्या हाताने उचलून कोंबड्यांना टाकले. आत्येभाऊ उठला. बाटलीचं बूच घट्ट बसवून माडातले गेंडे ओढायचा लोखंडी आकडा घेतला आणि वाडीत गेला.

उरलेल्या अळ्या आत्याने सुपात भरून खड्ड्यात नेऊन सोडल्या, वर ओलं शेण घातलं. कुंपणापलीकडून शेजारणीने विचारलं, काय चाललंय.

"माझ्या भाच्याने खड्डा वाचवला," आत्या म्हणाली. "दिसायला थापाड्या आहे, पण शिकलाय खरं."

अर्नाळ्याच्या कोळणींनी टोपल्या खाली ठेवून ऐकावं, इतक्या मोठ्याने म्हणाली. यात माझ्या पदरचं काहीही नाही.