दुसरी तंगडी कोणाची?

मंडळी, आज दुपारचं सांगते.

माझा दादा टोकावड्याच्या ढाब्यावर कामाला होता. सुट्टीला घरी आला की अख्खी गावठी कोंबडी भाजायचा. वरून मीठ, मिरची, गूळ चोळायचा, पोटात पिकलेला रायवळ आंबा आणि करवंदं भरायचा. मागच्या पावसाळ्यात दादा गेला. तेव्हापासून घरात कोंबडी शिजलीच नव्हती.

आज मी केली. गूळ जरा करपला, पण वास थेट त्याच्या हातचा आला.

आमच्यात कोंबडी बाबाच मोडतात. एक तंगडी मला, एक दादाला. आजही बाबांनी मला वाढली आणि दुसरी तंगडी सवयीने दादाच्या जागेकडे नेली. हात तिथेच थांबला.

मग आईने आपलं ताट त्या हाताखाली सरकवलं. "इकडं घाला."

आईने आयुष्यात कधी तंगडी घेतली नव्हती. आज हाडापर्यंत खाल्ली. डोळे पुसले पण नाय.

खाऊन झाल्यावर मला म्हणाली, "गूळ करपलाय गो. पुढच्या टायमाला दादाला इचारून घाल."

बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

मंडळी, मी कोणाला विचारू?