मंगलाचं वळण

तलावावर नोकरी केली की किस्से साचतात. पाणी तरी अधूनमधून बदलतात हो, किस्से कुठे उपसून टाकायचे? मी जळगावच्या तरण तलावावर पंचवीस वर्षं काढली. त्यातले निम्मे किस्से एकट्या मंगलाचे.

मंगला सावद्याची. वडील केळीवाले, सगळे त्यांना नाना म्हणायचे. पोरगी शेतातल्या विहिरीत पाठीला केळीचा खांब बांधून पोहायला शिकली. आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच शर्यतीत सगळ्यांच्या पुढे, आणि बाद! भिंतीला न टेकताच ती हातभर आधी वळली होती. आमचे कोच सलीम सर ओरडले, तर नानाच पुढे आले. "सर, इहिरीच्या भितीत विरोळे राह्यतात. भितीले हात लावाचा नाही, असं मीच शिकवलं तिले."

विरोळा म्हणजे पाणसाप. आता बोला!

सर म्हणाले, "टाइल्समध्ये कुठला साप, बेटा?" पण सवय जाईना. शेवटी सर स्वतः पाण्यात उतरले, भिंतीवर तळहात टेकवून उभे राहिले. "वळताना माझ्या हातावर लाथ मार." पंधरा दिवस ती अलीकडूनच वळत होती. सोळाव्या दिवशी सरांचं बोट मोडलं. मी रिक्षा आणायला धावलो, तर हे गृहस्थ हसतायत. "अरे, पाय पोचला ना तिचा!"

मग ती जिल्ह्यात पहिली आली, विभागात पहिली आली. नाना प्रत्येक शर्यतीला हजर, पण वळणाच्या वेळी डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि माझा दंड धरून विचारायचे, "भाऊ, टेकली का?" धुळ्याला एकदा लोक हार घेऊन आले, पोरगी पहिली आली म्हणून. नानांनी हार बाजूला सारला. "पह्यले सांगा, टेकली का?"

मंगलाला एकच हवं होतं, एकदा नॅशनलला जायचं. राज्यातून पहिल्या दोघी जायच्या. ही लागोपाठ दोन वर्षं तिसरी. दुसऱ्यांदा तर नखाएवढा फरक. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती मुक्ताईनगरपर्यंत खिडकीच्या काचेवर नखाने रेघा ओढत होती. मग म्हणाली, "भाऊ, वयोगटाचं एकच वर्ष उरलं."

आज तीच आमच्या तलावाची कोच आहे. तिने शिकवलेली तीन पोरं नॅशनलला जाऊन आली. परवा एक पालक ऐटीत म्हणाले, "मॅडम, तुमचं नॅशनलचं मेडल बघू." ती म्हणाली, "ते नाही माझ्याकडे. मुलाला उतरवायचं का पाण्यात?" ती का गेली नाही, हे मला पुष्कळ जण विचारतात. मी विषय बदलतो. आज सांगतो.

ती शेवटच्या वर्षाची राज्य स्पर्धा. पंच कमी पडले म्हणून मला वळणाच्या टोकाला बसवलं, नेमकं तिच्याच लेनवर. चूक दिसली की पंचाने हात वर करायचा, एवढंच काम. पहिल्या लांबीत ती इतकी पुढे होती की मी खुर्चीच्या कडेवर सरकलो. आली, कोलांटी घेतली, आणि पाय भिंतीपासून बोटभर अलीकडून सुटले. मी पाहिलं. स्वच्छ पाहिलं. माझा हात मांडीवरून हलला नाही.

धक्का मिळाला नाही म्हणून ती मागे पडली, तरी दुसरी आली. नॅशनल पक्कं! सलीम सर रडत होते. नाना प्रेक्षकांतून मला खुणेने विचारत होते, टेकली का? मी मान डोलावली. देवाशपथ सांगतो, आयुष्यात इतकं जड काही उचललं नव्हतं.

मुख्य पंच निकालाचा कागद लिहायला बसले. मंगला पाण्यातून बाहेर आली, ओल्या पायांनी सबंध काठ चालत माझ्या खुर्चीपाशी आली. धाप लागली होती. खाली वाकून हळू आवाजात म्हणाली,

"भाऊ, ते सही करायच्या आत हात वर करा."