खुर्शीद उन्हात उभी राहिली

चांदूर बाजारच्या वाहेद पिंजाऱ्याला मुलगी झाली, तेव्हा त्यानं मोठ्या हौसेनं तिचं नाव खुर्शीद ठेवलं. खुर्शीद म्हणजे सूर्य. आणि पोरीला वावडं कशाचं, तर सूर्याचंच! बापाला बिचाऱ्याला काय माहीत. पोर जन्मली तीच पांढरीफेक. केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे पिवळट, पापण्यासुद्धा पांढऱ्या. सुईणपण करणारी शेजारची पार्वताबाई पोरीला उजेडाशी नेऊन उलटीसुलटी पाहू लागली, तशी बाळंतीण हलीमाबी कोपरावर उठून बसली. शेवटी पार्वताबाईनं सांगितलं, की भिण्यासारखं काही नाही. दर्यापूरकडं तिच्या मामेसासऱ्याच्या घरी असाच एक माणूस होता, म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून मेला, आणि नातवंडं सगळी जांभळासारखी काळी. फक्त पोरीला उन्हात ठेवू नको, एवढं तिनं बजावलं.

म्हणायला सोपं आहे. वऱ्हाडात राहायचं आणि उन्हात जायचं नाही! खुर्शीद घटकाभर अंगणात खेळली तरी नाकावर, खांद्यावर फोड यायचे. डोळे एका जागी ठरत नसत, सारखे थरथरायचे, आणि उजेडात तर ती ते उघडूच शकत नसे. लांबचं माणूस तिला नुसतं हालतं लुगडं नाहीतर हालतं धोतर दिसे. भाकरीवर केस आहे का हे पाहायला ती भाकरी नाकाशी धरायची.

आणि गावाचं तोंड कोण धरणार? कोणी म्हणे, हलीमाबीनं पोटुशी असताना गिऱ्हाणात भाजी चिरली. कोणी म्हणे, कोड आहे. अरे, कोड डागाडागानं येतं, वाढत जातं. ही पोर जन्माचीच एकसारखी. पण सांगता कोणाला? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. विहिरीवर बाया आपली घागर तिच्या घागरीपासून लांब सरकवायच्या. पोट्टे ‘भुरी भुरी’ म्हणून ओरडायचे. खुर्शीद मात्र पळायची नाही. उलट त्या पोट्ट्याजवळ जायची, अगदी नाकाला नाक लागेल इतकी जवळ, आणि शांतपणे म्हणायची, की मले लांबून दिसत नाई, कोण बोलून राहिलं ते जवळ येऊन पाहा लागते. हां, तू शेषरावाचा. एवढं म्हणून ती परत फिरायची, आणि शेषरावाचा पोरगा आठवडाभर त्या गल्लीत पाऊल टाकायचा नाही. हलीमाबी दारातून हे पाहायची. तिला हसूही यायचं आणि धडकीही भरायची. ही हिंमत पोरीनं आणली कुठून, हे तिला कधी कळलं नाही. तिची स्वतःची तर कोणी मोठ्यानं बोललं तरी पाचावर धारण बसायची.

पण अल्लाची करणी पाहा. त्यानं ही पोर घातली ती पिंजाऱ्याच्या घरात. पिंजाऱ्याची खोली कशी असते? खिडकी बंद, दाराला पडदा, कारण वाऱ्याची झुळूक आली की पिंजलेली रुई घरभर उडते. आत बारा महिने सावली. छताला पिंजण टांगलेली, म्हणजे माणसाएवढं मोठं धनुष्यच. त्याच्या तातीवर लाकडी मुठीनं ठोका मारला की तात थरथरते आणि दबलेली रुई फुलून ढगासारखी वर येते. नाकातोंडावर फडकं बांधायचं. तरी संध्याकाळपर्यंत केस, भुवया, पापण्या, हात, सगळ्यांवर रुईचं बारीक तूस बसतं. त्या खोलीत वाहेद पांढरा, हलीमाबी पांढरी, कामाला ठेवलेले गडी पांढरे. खुर्शीद तिथं आईच्या मांडीशी बसून सुतासाठी रुईचे पेळू वळायला शिकली. तिथं तिचे डोळे सताड उघडे असायचे.

मग ते कापसाचं वेड आलं. दर्यापार कुठं तरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याला त्याला गाडी भरून बाजार गाठायचा होता. कुणब्यांच्या बायकांच्या गळ्यात सोन्याच्या पोती आल्या, बैलांच्या शिंगांना पितळेचे शेंबे बसले. पिंजाऱ्यांच्या नशिबी मात्र उलटं आलं. नवी रुई कोणी घरात ठेवीना, तर गादी भरायला आणणार कुठून? लोक जुन्या गाद्या, आजोबाच्या रजया उसवून आणायचे आणि तीच रुई पुन्हा पिंजून मागायचे. जुनी रुई म्हणजे दगड. तिला फुलवायला दुप्पट जोर लागतो. आणि त्याच वेळी वाहेदचे गडी एकेक करून गेले, कोणी गाड्यांवर, कोणी अकोल्याकडं आगगाडीचे रूळ टाकायच्या कामावर. वाहेद एकटा ठोकत राहिला आणि एक दिवस त्याचा खांदाच धरला. हात वर उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलीमाबी चुलीशी बसली होती, तर आतून पिंजणीचा आवाज आला. तिला वाटलं, नवऱ्याला बरं वाटतंय. वळून पाहिलं, तर वाहेद बाजेवर आडवा, तोही कान टवकारून. बाईमाणसानं पिंजण धरायची नाही, ही पिंजाऱ्यांतली जुनी रीत. बायांनी पेळू वळावेत, टाके घालावेत. हलीमाबी पडदा सारून आत गेली आणि उंबऱ्यातच थबकली. खुर्शीदनं ओढणी कमरेला खोचली होती आणि डोळे मिटले होते. ती पाहत नव्हतीच. तातीचा आवाज जड आला की तिथं रुई दाट आहे, मोकळा आला की सुटली, एवढ्यावर तिचा हात चालला होता. कोणाच्या तरी आजोबाच्या रजईतली काळवंडलेली रुई तिच्या पायाशी हळूहळू वर येत होती. हलीमाबीनं उभी हयात त्या खोलीत काढली होती, पण तिच्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. आपण या पोरीला पोटात वाढवलं आणि आपल्याला ती ठाऊकच नाही, असं तिला वाटलं. वाहेदनं बाजेवरून एवढंच विचारलं, की खांदा दुखत नाही ना? रीतीचा विषय त्यानं काढला नाही. पोट भरायचं होतं ना.

आता लग्नाचं. हलीमाबीचं सगळं आयुष्य त्या एका काळजीवर तोललेलं होतं. आपल्या पश्चात या पोरीला कोण? भाऊ नाही, बहीण नाही. आसपासच्या गावांत कोड कोड म्हणून आधीच डांगोरा पिटलेला. आलेलं एकेक स्थळ वेशीवरूनच परत जायचं.

असं असताना एका दुपारी दारात छकडा थांबला. अकोल्याची रहमतबी एलिचपूरचा दर्गा करून पुढं नातलगांकडं चालली होती. जातीची पिंजारीण, विधवा, अकोल्यात गाद्यांचं दुकान एकहाती चालवणारी, आवाज असा की बैलांनीही कान पाडावेत. तिला गावातलं कोणी भेटलं नव्हतं. रस्त्यानं जाताना तिनं पिंजणीचा ठोका ऐकला आणि गाडी उभी करायला लावली. असा हात अकोल्यात उरला नाही, तो आहे कोणाचा, हे पाहायला ती सरळ आत आली. पाहते तर पोरगी! तिचे स्वतःचे गडीही रुळांच्या कामावर पळालेले. तिचा मुलगा अब्दुल सत्तार आणि ती, दोघंच दुकान रेटत होते. रहमतबीनं पोरीच्या हाताची बोटं चाचपली, नाव विचारलं, बापाची जात-जमात विचारली, आणि खाली बसून पदराची गाठ सोडली. गाठीत एलिचपूरच्या दर्ग्यातली खडीसाखर होती. तिनं रिश्ता मागितला.

हलीमाबीला आधी खरंच वाटेना. मग रहमतबी हसून म्हणाली, की पोरीला जरा न्हाऊ घाला, अंगावरचं हे तूस निघालं की रंग कसा उजळ दिसेल पाहा. तेव्हा हलीमाबीच्या ध्यानात आलं. या बाईला वाटतंय, पोर आपल्या दोघांसारखीच रुईनं माखली आहे! खोलीत अंधार, तोंडाला फडकं, तिघांच्याही पापण्या पांढऱ्या. हिनं काही ओळखलंच नाही.

सांगायला हवं होतं. पण एकदा साखर तोंडात पडली की बोल पक्का. पिंजाऱ्यांत साखर खाऊन फिरलेलं कोणी ऐकलं नव्हतं. फक्त घटकाभर गप्प राहायचं होतं. तिनं वाहेदकडं पाहिलं. वाहेदनं मान खाली घातली. मग तिनं हळूच लेकीचा दंड दाबला. तो दाब पोरीला बरोबर कळला.

खुर्शीद उठली. तोंडाचं फडकं सोडलं आणि पडदा सारून अंगणात गेली. बाहेर चैतातलं ऊन मी म्हणत होतं. रांजणातलं पाणी घेऊन तिनं तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत घासले, वेणी सोडून डोक्यावर पाणी ओतलं. तूस वाहून गेलं. आणि ती सावलीत आली नाही, अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ऊन अंगावर पडताच डोळे गच्च मिटले आणि त्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं हाक मारली तेव्हा तोंड रहमतबीकडं नव्हतं, भलतीकडंच होतं. तिला काही दिसतच नव्हतं.

“चाची, बाहीर या. हे तूस नाई, मी जन्माचीच अशी आहो. कोड नाई, कोणाले लागत नाई. उनात मले दिसत नाई. पण तुमाले चांगलं दिसलं पायजे, म्हणून उनात उभी आहो.”

हलीमाबी दाराला धरून उभी होती. सगळं संपलं, हे तिला समजत होतं. पोरीवर तिला भयंकर राग आला. पण त्याच वेळी तिला त्या अंगणात पाऊल टाकायची छाती होईना. मोठ्या कोणाच्या तरी समोर उभं असल्यासारखं तिला झालं, आणि समोर तर तिचीच लेक होती, ओल्या केसांची, भाजत असलेली.

रहमतबी बाहेर आली. तिनं पोरीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग वळून हलीमाबीला विचारलं, “तुमी माय ना हिच्या? तुमी काहून नाई बोलल्या?”

“भेली मी,” हलीमाबी म्हणाली.

रहमतबीनं मान हलवली. लेकरंही अशीच होतील का, हे तिनं खुर्शीदला तोंडावर विचारलं. खुर्शीदनं सांगितलं, की ते तिला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं ती बोलणार नाही. मग काय वाटलं कोण जाणे, रहमतबीनं आपल्या पदराची सावली पोरीच्या डोक्यावर धरली आणि साखरेचा खडा तिच्या ओठांशी नेला.

 पण खुर्शीदनं तोंड बाजूला केलं.

“पहिले तुमच्या पोराले सांगा, मी कशी आहो ते. लग्न त्याले करायचं आहे. त्यानं हो म्हटलं त खाईन.”

रहमतबीनं खडा परत गाठीत बांधला आणि छकड्यात जाऊन बसली. धूळ उडाली, गाडी गेली. त्या दिवशी हलीमाबी लेकीला नाही नाही ते बोलली. चालून आलेली लक्ष्मी लाथाडलीस म्हणाली, जन्मभर माझ्या उरावर बस म्हणाली. खुर्शीदनं भाजलेल्या खांद्यावर तूप लावून घेतलं आणि ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, की अम्मा, तिथं गेल्यावर मी तोंड कधीच धुवायचं नव्हतं का?

चैत सरला. वैशाख लागला. अकोल्याहून ना माणूस आला ना निरोप. हलीमाबीनं आशा सोडली, म्हणजे सोडल्याचं सगळ्यांना सांगितलं. रस्त्यावर चाक वाजलं की तिचा हात कामावरून थांबायचाच.

आणि एका भर दुपारी, चिटपाखरू बाहेर नाही अशा वेळी, चाक वाजलं ते दारातच थांबलं. छकडा हाकणारा काळासावळा तरुण खाली उतरला, घामानं निथळत, उन्हानं तोंड रापलेलं. त्यानं वाहेदला सलाम केला आणि अब्दुल सत्तार म्हणून नाव सांगितलं. नवरदेवानं असं आपणहून यायची रीत नाही, त्यामुळं वाहेद गडबडून गेला. अम्मीनं सगळं सांगितलं, एवढंच तो पोरगा म्हणाला, आणि रहमतबीनं पाठवलेली साखर वाहेदच्या हातावर ठेवून, मान खाली घालून ओट्यावर बसला.

हलीमाबी मात्र छकड्याकडं पाहत होती. असा छकडा वऱ्हाडात कोणी पाहिला नसेल. वर कमानी बांधून त्यांवर दुहेरी रजई शिवून ताणली होती, आत निळं अस्तर, पुढं-मागं जाड पडदे, आणि फटीफटीत रुई दाबून भरलेली. आणायचं काय होतं त्यात, सामान तर काहीच नव्हतं. अकोल्यापासून तो माणूस स्वतः उघड्यावर, उन्हात बसून ती सावली रिकामी हाकत आला होता.

ती जवळ गेली. ऊन कुठून शिरतं का ते पाहावं म्हणून पडदा सारून आत चढली. आत गार होतं, अंधार होता, एक तिरीपही नव्हती. हलीमाबी तिथंच बसली आणि मन भरून रडली.