काळ्या खुर्च्या आणि पांढरा लेंगा

हे लिहायला बसलो याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घराण्यात लेखणीचा उपयोग सहीपुरता, आणि आजोबांनी तर तेही अंगठ्यावर भागवलं. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. सख्ख्या बहिणीचं जमत आलेलं लग्न जवळजवळ मोडणाराही पहिलाच!

आम्ही तेव्हा कोथरूडला दोन खोल्यांत राहत होतो. वडील, म्हणजे अण्णा, एका कारखान्यात नट-बोल्ट काळे करत. रंग देऊन नव्हे. रसायनाच्या टाकीत बुडवले की पोलादच वरून काळं होतं आणि लवकर गंजत नाही. मी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे या विषयात घरात एक करणारा आणि एक समजावून सांगणारा होता. (याहून धोकादायक जोडी मी अजून पाहिलेली नाही.)

ताईला पाहायला शनिवार पेठेतले लोक येणार होते. आधीची स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. या मुलाचा फोटो मात्र ताईच्या उशीखाली होता, त्यामुळे घरात सगळे जपून बोलत होते.

आदल्या दिवशी हे स्थळ आणणारे वसंतमामा आले आणि आमच्या लोखंडी खुर्च्यांकडे बघत राहिले.

"पाहुण्यांना यांच्यावर बसवणार?"

"का? मजबूत आहेत," अण्णा म्हणाले.

"गंजही मजबूत आहे."

रंग द्यावा, तर उद्यापर्यंत वाळेल याची खात्री नाही. पाहुणे चिकटले म्हणजे? (तसे चिकटले असते तर खरं म्हणजे कामच झालं असतं!) तेवढ्यात मला सुचलं.

"अण्णा, ते फडक्यानं लावायचं काळं पाणी असतं ना तुमच्याकडे? टाकी लागत नाही ते?"

अण्णांचा चेहरा उजळला. माझ्या शिक्षणाचा उपयोग त्यांना प्रथमच दिसत होता. मालकांना विचारून ते बाटली घेऊन आले. आम्ही गंज घासून काढला, पाणी लावलं, आणि खुर्च्या डोळ्यांदेखत काळ्याभोर झाल्या.

"यावर आणखी काही लावायचं असतं का?" मी विचारलं.

"छे! आमच्याकडे एवढंच असतं."

माझे हात काळे झाले होते. पण अण्णांचे कायमच तसे असत. आमच्या घरात ती काही बातमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यात, आत्या मोतिया साडीत, मुलगा बदामी पँटमध्ये.

"खुर्च्या छान आहेत हो," मुलाचे वडील दांड्यावर हात फिरवत म्हणाले.

"घरीच काळ्या केल्यात! मुलगा केमिस्ट्री शिकतो आमचा," अण्णांनी संधी साधली.

ताई पोहे घेऊन आली आणि मुलाला घाम फुटला. त्यानं कपाळ पुसलं. या कानापासून त्या कानापर्यंत काळा पट्टा! "अरे, काय लागलं हे?" म्हणत आत्यांनी त्याचा गालही पुसला, मग गालावर पाच बोटं. घाबरून त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. ताईनं पदर तोंडाशी धरला होता, पण तिचे खांदे हलत होते.

मुलाचे वडील उठून वळले मात्र, वसंतमामा ओरडले, "दादा, बसा! बसूनच राहा!"

उशीर झाला होता. लेंग्यावर आमची खुर्ची उमटली होती. भोकांच्या नक्षीसकट!

"अहो, रंग कच्चा आहे हा," मुलाचे वडील म्हणाले.

मी प्रामाणिकपणे पुढे झालो. "काका, हा रंग नाही. लोखंडाच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया झालीय."

"असं का? मग माझ्या लेंग्याच्या पृष्ठभागावर काय झालंय?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

आईनं स्वच्छ टॉवेल दिला. टॉवेल काळा झाला, पाहुणे राखाडी झाले, आणि "कळवतो" म्हणून निघाले.

आईनं काळा टॉवेल भिजत घातला. मग अण्णा एकदम म्हणाले, "तेल!"

"कसलं तेल?"

"काळं झालं की माल तेलात बुडवतात. मग हाताला लागत नाही."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"ते पुढच्या टेबलावर होतं रे. माझं काम टाकीपर्यंत."

आणि मला पाठ असलेल्या एकाही समीकरणात तेल नव्हतं! ताईचं हसू केव्हाच संपलं होतं. "तू शीक बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "पण घरात नको शिकूस."

निरोप येईना. घरात माझ्याशी फक्त आई बोले, तेही भाजी वाढताना. शेवटी एका संध्याकाळी वसंतमामा आले. खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले.

"मुलगी पसंत आहे. मुलगा म्हणतो, माझा तसला अवतार बघून पळाली नाही, हसली. हीच करायची."

ताई आत पळाली. अण्णांनी भीत भीत विचारलं, "आणि वडील काय म्हणाले?"

"त्यांनी मुलीच्या भावाची चौकशी केली. मी सांगितलं, केमिस्ट्री शिकतोय." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तर म्हणाले, 'अजून शिकतोय ना? मग हरकत नाही.'"