व्याह्यांचं ताट

भांड्यांच्या साबणाचा वास आला की मला भोकरदनमधलं चुलत बहिणीचं लग्न आठवतं. मी तेव्हा नेटवर्क ड्रायव्हरवर, म्हणजे नेटवर्कवरून आलेला डेटा संगणकात उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करायचो. येणाऱ्या डेटासाठी दरवेळी मेमरीचं नवं पान, म्हणजे मोकळा तुकडा, मागण्यापेक्षा वापरलेलंच पान लगेच पुन्हा वापरायचं, ही माझी युक्ती कंपनीनं नुकतीच उचलली होती. लग्नात ताटं कमी पडली तेव्हा मी ऐटीत काकांना म्हणालो, “धुतलेली ताटं कोठीत कशाला नेता? सरळ पंगतीत द्या.” पंगती खरंच भराभर उठू लागल्या. त्या जोशात, मठ्ठेवाल्याला हाक मारायला मागे वळलेल्या एका पाहुण्यांचं ताट मी उचललं. “अहो, मी जेवून राह्यलो ना!” ते कडाडले. ते नेमके नवरदेवाचे वडील निघाले. काकांनी हात जोडले, “माफ करा, पोरगं कंपुटरवालं हाय.” तेवढ्यात कंपनीतल्या साहेबांचा फोन आला, “तुझ्या कोडमुळे एकाचा डेटा दुसऱ्याला जातोय! पान कुणी अजून वाचतंय का, ते बघत नाहीस?” मी म्हणालो, “साहेब, आत्ताच कळलं.” कोड मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. पण आजही बहिणीच्या घरी गेलो की तिचे सासरे माझ्यासमोर डाव्या हातानं ताट घट्ट धरूनच जेवतात.